ओलं फडकं आणि तीन मेडिकल बोर्डं

पोस्टिंग बेळगाव कॅम्प. काम मेडिकल बोर्डासमोर हजर होणे. रिपोर्टिंग टाइम सकाळी १०००. सोबत डिस्चार्जचे कागद, एक मेडल, एक बायको आणि पाण्याने भरलेली एक कळशी.

यातले फक्त कागद हुकमात लिहिले होते. मेडल मी माझ्या हौसेने घेतलं. बायको आणि कळशी यांनी मला घेतलं.

आता पुन्हा मोठी लढाई लागली आहे. बेळगावात रोज भरती चालू आहे, आणि निपाणीच्या वाचनालयात संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना वाटतं की मागच्या लढाईतल्या माणसाने काहीतरी लिहून द्यावं. तोफांचं लिहा म्हणाले. तोफांचं सगळेच लिहितात. मी इराकात, बसऱ्याच्या वरच्या अंगाला, तिग्रिस नदीच्या काठी दीड वर्ष काढलं. पण मला जी लढाई खरोखर जड गेली ती बेळगावात एका टेबलासमोर झाली. समोर तीन ऑफिसर, तिघेही खुर्चीवर. माझ्या बाजूने मी एकटा, आणि माझा उजवा हात माझ्यावरच उलटलेला.

आधी त्या हाताची ओळख करून देतो. दंडातून, कोपराच्या चार बोटं वर, आतल्या अंगाने एक गोळी आरपार गेली. हाड वाचलं. जखम तीन आठवड्यांत भरली. आज तिथे गव्हाच्या दाण्याएवढे दोन डाग आहेत, एक आत जायचा, एक बाहेर यायचा. पण त्या दिवसापासून पंजा जळतो. संकेश्वरी मिरच्या ठेचून त्यात हात पुरून ठेवा आणि वर कुणीतरी ठेचतच आहे असं समजा, म्हणजे अंदाज येईल. शेजारून कुणी पाय आपटत गेलं तरी आग वाढते. भांडं पडलं तरी वाढते. हात कोरडा पडला तर मग विचारू नका. म्हणून मी पंज्याला ओलं फडकं गुंडाळतो आणि तासातून दोनदा भिजवतो. फडक्याच्या कडेला लाल काठाची एक पट्टी आहे. फडकं विटलं की पार्वती नवं घेते आणि ती पट्टी काढून नव्याला शिवते. सुरुवातीला तिने विचारलं होतं, ही कशाला? मी सांगितलं, पलटणीची आहे. तिने पुन्हा विचारलं नाही.

गाव मला लान्सनाईक दौलू म्हणत नाही. वल्लं फडकं म्हणतं. "वल्लं फडकं आलं, पाट सोडा रं," असं पारावरून ओरडतात, आणि खरं सांगायचं तर त्यात मलाही मजा येते. प्रत्येक गावाला एक सोंग लागतं. आमच्या गावाला ते सरकारने फुकट पुरवलं.

लढाई संपल्यावर पलटणीची संख्या कमी केली आणि मला घरी पाठवलं. कागदावर शेरा होता, जखम भरली. ते खरंच होतं. भरलेल्या जखमेला पेन्शन नसते, हेही खरं होतं. पण उजव्या हाताने मला खुरपं धरता येईना. कासरा धरला तर बैल नेईल तिकडे मी. दीड एकराचा तंबाखू पार्वती एकटी बघायची, आणि वर दुसऱ्याच्या रानात पानं खुडायला जायची. तंबाखूचा चीक बसून तिचे तळवे काळे झाले होते, राखेने घासले तरी निघत नव्हते. तिने दुसऱ्याच्या रानात जायचं थांबावं, एवढ्यासाठी मला डिसेबिलिटी पेन्शन हवी होती. अर्ज केला. बोर्ड लागलं.

आता पहिल्या बोर्डाची हकिकत. इन्स्पेक्शन म्हटलं की जुन्या शिपायाच्या अंगात काय संचारतं ते घरच्या माणसांना कळत नाही. मी डाव्या हाताने बुटाला पॉलिश केलं. तासभर. पट्ट्याचं पितळ चिंचेने घासलं. मिशीला तेल. ०९५० ला कॅम्पच्या गेटवर पोचलो, तिथे फडकं सोडलं, पिळलं, घडी करून खिशात ठेवलं आणि हात कोरड्या टॉवेलने पुसून घेतला. ओल्या फडक्यानिशी परेडवर कोण जातं? पलटणीत माझ्यावरच्या नाईक गणपतने मला तीन दिवस जादा पहारा लावला असता.

१००० ला नाव पुकारलं. मी मार्च करत आत गेलो, टाच जोडली आणि कडक सॅल्यूट ठोकला. उजव्या हाताने. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण कोपर एक सूत हललं नाही. पुढच्या ऑफिसरने वर बघितलं.

"हाथ कैसा है?"

"ठीक है साहब."

तोंडातून निघून गेलं. सात वर्षं सरकारने मला एवढंच शिकवलं होतं. साहेबाने विचारलं, रसद कशी आहे, ठीक है साहब. पाय कसे आहेत, ठीक है साहब. छातीपर्यंत पाण्यात उभं राहून ठीक है साहब. साहेबाने लिहिलं. मी अबाउट टर्न केला. एकूण तीन मिनिटं. व्हरांड्यात येऊन खिशातलं फडकं काढलं तेव्हा लक्षात आलं की आपण पेन्शन घ्यायला आलो होतो.

घरी आलो. पार्वती पानांची चळत लावत बसली होती.

"काय इचारलं तुमास्नी?"

"हात कसा हाय म्हनून."

"आन तुमी?"

"ठीक हाय म्हनालो."

तिने हातातली पानं खाली ठेवली. म्हणाली, रोज उठून मला सांगतासा, हात जळतोय, हात जळतोय. मी काय कर्नल हाय व्हय? ज्येला सांगायचं त्येला सोडून मला सांगतासा. मग ती हसायला लागली, आणि मीही. हसू थांबल्यावर ती पुन्हा पानं लावायला लागली आणि मला तिचे तळवे दिसले. दुसरा अर्ज मी त्याच आठवड्यात केला.

या वेळी कारभार जिनगोंडा आण्णांनी हातात घेतला. आण्णा म्हणजे आमच्या गावचे तंबाखूचे व्यापारी. जैन माणूस, सूर्यास्ताच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा, वजनात कधी गुंजभर इकडचं तिकडे न करणारा. एकच व्यसन, नाटक. गावच्या नाटकमंडळीचे ते मालक, मास्तर, आणि कुणी आजारी पडलं तर नायिकाही. त्यांनी मला वखारीत बोलावलं, पोत्यावर बसले आणि म्हणाले, चाल करून दाखव. मी मार्च करून दाखवला. त्यांनी कपाळावर हात मारला.

"साकु," ते म्हणाले. पुरे म्हणायचं असलं की आण्णा कानडीत जायचे. "दौलू, तू आजारी हैस का आजार तुला घाबरून हाय? जरा लंगड."

"आण्णा, दुखतोय हात. लंगडू कशाला?"

"सायबाला लांबनं दिसाय नको? हात काय लांबनं दिसतोय व्हय?"

मी विचारलं, आण्णा, तुमच्या धर्मात हे खोटं नाही का होत. त्यांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले, खोटं बोलायचं न्हाय हे बरोबर. तर तू बोलूच नको. तोंड मिटून लंगड. लंगडण्याला कुठं जीभ लागते?

पंधरा दिवस तालीम चालली. तंबाखूच्या धुळीने सगळे शिंकत होते, त्यातच मी कण्हायला शिकलो. आण्णांनी कण्हण्याचे तीन प्रकार ठरवले. दारात एक, टेबलाशी एक, आणि जाताना सगळ्यात करुण, म्हणजे साहेबाच्या कानात राहील असा. वखारीतल्या बायका काम टाकून बघायच्या. एकीने पदर डोळ्याला लावला तेव्हा आण्णा मला म्हणाले, आता जा, तू तयार हैस.

दुसरं बोर्ड. वेळ १०३०. गेटवर मी पुन्हा फडकं सोडून खिशात घातलं. सोंग वेगळं होतं, पण इन्स्पेक्शन ते इन्स्पेक्शनच. दारात कण्हलो. टेबलापर्यंत लंगडत गेलो. या वेळचा ऑफिसर तरुण होता. त्याने माझे कागद बघितले, मला बघितलं, आणि पुन्हा दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. मी गेलो आणि आलो.

"गोली हाथ को लगी थी?"

"जी साहब."

"जाते समय बायाँ पैर लंगड़ा था. आते समय दाहिना."

आण्णांनी एवढं सगळं शिकवलं, पण पाय कुठला ते ठरवायचं राहून गेलं. साहेबाने एक शब्द लिहिला. बाहेर हवालदार क्लार्कने तो मला वाचून दाखवला. मालिंगरर. म्हणजे काय, मी विचारलं, जरी मला ठाऊक होतं. फौजेत तो शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. कामचुकार, आजाराचं ढोंग करणारा. लढाईत त्या शब्दावर कोर्ट मार्शल होतं.

गावात हसणं झालं, मीही हसलो. आण्णा मात्र हसले नाहीत. ते घरी आले, ओट्यावर बसले आणि पार्वतीला म्हणाले, चूक माझी हाय गं बाई. तिने त्यांना गाळलेलं पाणी दिलं. तो शब्द आता माझ्या कागदावर होता, आणि आता मला पेन्शनच्या आधी तो शब्द खोडून हवा होता. अपील एकदाच करता येत होतं. त्यानंतर फाईल बंद. मी ते केलं, आणि वर्षभराने पत्र आलं. शेवटचं बोर्ड, सकाळी १०००.

आता सुरुवातीला सांगितलेल्या पोस्टिंगवर परत येतो.

निपाणीहून सर्व्हिस मोटार पहाटेची सुटली. पार्वती पहिल्यांदाच मोटारीत बसत होती आणि कळशी तिने मांडीवर धरली होती. खड्डा आला की पाणी उडायचं. संकेश्वरपर्यंत शेजारच्या शेटजींचं धोतर भिजलं, हत्तरगीपर्यंत पुढच्या बाईंचा पदर. ड्रायव्हर म्हणाला, आक्का, बेळगावात पाणी मिळतंय की. पार्वती म्हणाली, मिळत असंल, पण तवर ह्यास्नी कोन धरनार? सगळी मोटार माझ्या हाताकडे बघायला लागली. मी उठून सगळ्यांना डाव्या हाताने सॅल्यूट केला. मग शेटजींनीच कळशीवर रुमाल धरला.

०९३० ला कॅम्पच्या गेटवर. मी उभा राहिलो, फडकं सोडलं, पिळलं.

"आवं, फडकं का काढलासा?"

"इन्स्पेक्शन हाय."

"तुमचा हात बघाय बोलावलंय का बूट?"

मी तिला परेडचा कायदा समजावून सांगितला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, म्हंजे दोन्ही येळेला तुमी हात पुसून गेलतासा? मी म्हटलं, अर्थात. मोठ्या माणसाला त्याचा सदरा उलटा आहे हे कसं सांगावं, अशा वेळी चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला होता. तरीही मी फडकं खिशात घातलंच. लाज वाटते सांगायला, पण असं झालं.

बायकांना आत परवानगी नव्हती. ती कळशी घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली, मी बाकावर. १००० वाजले, १०३० वाजले, नाव येईना. अर्दली म्हणाला, साहेब चहा घेतायत. ११०० ला माझ्या हातात ठेचा सुरू झाला होता. ११३० ला माझ्या बुटांचा आवाज माझ्याच हातात वाजत होता. पार्वतीने दोनदा कळशीकडे बोट दाखवलं. मी दोनदा मान हलवली. कपडे भिजले तर? ११४० ला नाव पुकारलं.

आत तीन ऑफिसर. मध्ये लाल मिशांचे एक मेजर, वयस्क, डोक्यावर केस कमी. बाजूला हवालदार क्लार्क, कागद घेऊन. जमिनीवर लाल गालिचा. मी मार्च करत गेलो. सॅल्यूटसाठी हात उचलला तो छातीपर्यंतच आला. घाम हनुवटीवरून टपकत होता. मेजरनी माझ्या फाईलमधला तो शब्द वाचला असावा, कारण ते थंडपणे माझ्याकडे बघत होते.

"हाथ कैसा है?"

मित्रांनो, काय सांगू. दोन वर्षं मी उत्तर पाठ केलं होतं. अंथरुणावर, मोटारीत, बाकावर.

"ठीक है साहब," मी म्हणालो.

मेजरनी टाक उचलला. त्याच वेळी दाराशी गडबड झाली, अर्दली बाजूला सरकला आणि पार्वती आत आली. कुणाकडेही न बघता ती सरळ माझ्यापाशी आली, माझा उजवा हात मनगटाच्या वर धरला, जिथे धरला तर चालतो तिथे, आणि कळशीतलं पाणी त्याच्यावर धरलं. पाणी माझ्या पट्ट्यावर, बुटांवर, गालिचावर. मग ती वळली आणि मेजरना म्हणाली,

"ठीक न्हाय सायेब. ह्ये खोटं बोलत्यात."

क्लार्कने इंग्रजीत सांगितलं. बाजूच्या दोन ऑफिसरांपैकी एक हसला. मेजर हसले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला. क्लार्कने मला नंतर सांगितलं, इतकी वर्षं बोर्डावर बसलो, बायको येऊन नवरा आजारी असल्याची साक्ष देते हे ऐकलं होतं, पण नवरा बरा असल्याचं खोटं सांगतोय अशी तक्रार पहिल्यांदा आली.

मेजर उठून टेबलाला वळसा घालून आले. आधी त्यांनी माझा चेहरा बघितला. पाणी पडताच माझ्या तोंडातून जो श्वास निघाला होता तो त्यांनी ऐकला असावा. तो श्वास काही आण्णांनी शिकवलेल्या तीन प्रकारांतला नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात शेजारी धरायला सांगितले. उजव्याची कातडी चकचकीत, तांबूस, एक केस नाही, नखं वाकडी. डावा एखाद्या शेतकऱ्याचा असावा तसा. तीन वर्षांत हे दोन हात शेजारी शेजारी ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही दाखवले नव्हते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याचं टोक माझ्या बोटाजवळ आणलं. लावलं नाही, फक्त आणलं. मी अटेन्शनमध्ये उभा होतो. डोळ्यांतून पाणी आपोआप वाहायला लागलं.

मेजर त्या दोघांशी इंग्रजीत बोलले, ते क्लार्कने मला नंतर सांगितलं. त्यांच्या मायदेशी लढाईच्या इस्पितळात त्यांनी असे काही शिपाई पाहिले होते. एक जण बुटात पाणी ओतून चालायचा. असं सोंग कुणाला सुचत नाही, ते म्हणाले. मग मला विचारलं, पाणी घालायचं कुणी शिकवलं? कुठल्या डॉक्टरने?

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पार्वतीलाही. तिच्या हातात कळशी होती आणि तीही माझ्याकडे बघत होती.

"सिपाही बाळू ने, साहब," मी म्हणालो, आणि मग रिपोर्ट दिला. जसा त्या दिवशी द्यायला हवा होता तसा.

ठिकाण तिग्रिसचा एक कालवा, त्याच्या पुढे आमची पिकेट, म्हणजे पुढची चौकी. मी सिग्नल सेक्शनचा लाईनमन. पिकेटपासून हेडक्वार्टरपर्यंत टेलिफोनची तार जमिनीवरून जायची, ती तुटली की जोडायची. आम्ही तिघे होतो. नाईक गणपत, खानापूरकडचा, हळू बोलणारा, माझ्या बुटांवर खूष नसणारा. सिपाही बाळू, बेळगावच्या वडगावातला विणकर. आणि मी.

०६४० ला फोन मुका झाला. गणपत म्हणाला, "लाईन डेड. चला." तार मुठीतून सरकवत, कुठे तुटली ते बघत सहाशे यार्ड गेलो. तुटलेलं टोक सापडलं. ०७१० ला पहिली गोळी आली, ती गणपतला छातीत लागली. तो खाली बसला आणि बसूनच राहिला. दुसरी माझ्या दंडातून गेली. बाळूने मला कालव्याच्या बांधाआड ओढलं. मग पालथा पडून पुढे सरकला आणि त्याने तार जोडली. वडगावात मागावर धागा तुटला की विणकर दोन बोटांत जी गाठ मारतात, तीच गाठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत. फोन लावला.

"हॅलो. लाईन ओके. नाईक गणपत गेला. एक जखमी. शत्रू उत्तरेला, खजुरीत."

पलीकडून हुकूम आला. "तिथेच थांबा."

बाळूकडे त्याच्या बापाने विणलेला एक रुमाल होता, लाल काठाचा. तो त्याने माझ्या हाताला बांधला. तेव्हा पंजा जळायला लागला होता आणि मी ओरडत होतो. रक्त धुवायला म्हणून त्याने बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, आणि मी ओरडायचा थांबलो.

"बरं वाटतंय व्हय?"

"व्हय."

त्याने आपली बाटली माझ्या हातावर रिकामी केली. मग माझी. त्या मुलखात पाण्याचं काय मोल होतं ते मी इथे सांगत बसत नाही. ०९०० पर्यंत रुमाल वाळला. मी म्हणालो, बाळू, पाणी. हुकूम थांबायचा होता. कालवा वीस पावलांवर होता. तो दोन्ही बाटल्या घेऊन गेला आणि त्याने त्या भरल्या. परत येताना त्याला गोळी लागली. पडता पडता त्याने एक बाटली माझ्याकडे फेकली.

रिपोर्ट संपला. कळशीतून गालिचावर पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. मेजर पार्वतीकडे वळले.

"और डालो," ते म्हणाले. आणि तिने घातलं.

परतीच्या मोटारीत तिने रिकामी कळशी मांडीवर धरली होती. संकेश्वर आलं तेव्हा तिने विचारलं, ही लाल पट्टी त्याचीच का. मी म्हटलं, व्हय. त्येच्या घरला गेलासा कधी? न्हाय. वडगाव बेळगावातच हाय न्हवं? व्हय.

दोन महिन्यांनी कागद आला. तंबाखूची खुडणी जोरात होती. आण्णांनी तो वखारीत मोठ्याने वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग आनंदाच्या भरात कानडीत. दुखापत फील्ड सर्व्हिसमधली. अपंगत्व मान्य. मागचा शेरा रद्द. हा शेवटचा भाग मी त्यांना तीनदा वाचायला लावला.

गावाने मिरवणूक काढायची ठरवली. हलगीवाले आले, ताशेवाले आले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वल्ल्या फडक्याला आवाज सोसत नाही. मोठा पेच पडला. मिरवणूक तर हवी. शेवटी आण्णांनी तोड काढली. हलगीवाल्यांनी हलगी चामड्यापासून चार बोटं लांब वाजवायची. आमच्या गावात त्या दिवशी अशी मिरवणूक निघाली की पुढे वाजंत्री जोरजोरात हात हलवत आहेत, माना डोलत आहेत, मागे लोक नाचत आहेत, आणि आवाज फक्त पायांतल्या धुळीचा. दारातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, आपले कान गेले. मी मधोमध, हातावर छत्री. पार्वतीच्या हातात कळशी, आणि त्या हंगामात ती पहिल्यांदाच दुसऱ्याच्या रानात गेली नाही. मी आयुष्यात इतक्या जणांना एवढं हसताना आणि एवढं गप्प एकत्र पाहिलेलं नाही.

पेन्शनचे कागद घ्यायला पुन्हा बेळगावला गेलो. मोटार थांबताच पार्वती उतरली आणि कॅम्पच्या उलट दिशेला चालायला लागली.

"आदी वडगाव," ती म्हणाली.

वडगावात दर दुसऱ्या घरातून मागाचा आवाज येतो. मला तो हातात ऐकू येत होता. विचारत विचारत घर सापडलं. बाळूचा म्हातारा बाप खड्ड्यातल्या मागावर बसला होता, पाय खाली, सुताचा धोटा इकडून तिकडे पळत होता. मी दारात उभा राहिलो. काय म्हणायचं ते पाठ केलं होतं. त्याने वर बघितलं, माझ्याकडे नव्हे, हाताकडे. धोटा थांबला.

"ह्यो काठ माझा हाय," तो म्हणाला.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ०६४० पासून. पाणी मीच मागितलं, हेही सांगितलं. ऐकताना त्याचा हात ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून फिरत होता. मध्येच एक धागा तुटला. त्याने न बघता दोन बोटांत गाठ मारली. ती गाठ मी ओळखली. सांगून झालं तेव्हा त्याने धोटा बाजूला ठेवला. मग त्याने एकच विचारलं.

"बाटली फेकली म्हनतोस. पानी पोचलं का तुला?"

"पोचलं आप्पा."

"बरं झालं."

त्याने आत हाक मारून एक नवं कापड आणवलं. लाल काठाचं. माझ्या हातातलं फडकं त्याने नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, उनात वाळत घालत जा की रं, कुबट वास येतोय. दर साली येऊन नवं घेऊन जा. पार्वती हसली. म्हातारा हसला. मग तिघेही रडलो, पण ते थोडाच वेळ.

आप्पा आता नाहीत. मागावर बाळूचा धाकटा भाऊ बसतो. मी दर वर्षी जातो. काठ तोच आहे.

हे सगळं डाव्या हाताने लिहिलं आहे, अक्षर सांभाळून घ्यावं. उजवा नव्या फडक्यात आहे आणि आत्ताच भिजवला आहे.

नाईक गणपत, खानापूर. सिपाही बाळू, वडगाव. लाईन ओके.